एक गाडी की दोन

वाडीत, ट्रान्सपोर्टच्या गल्लीत,
डोमाजी वैरागडेंच्या शेडखाली उभी आहे आमची बस.
एका शाळेनं मोडीत काढलेली.
आता तिच्यात बेसिन आहे, गॅसचा कट्टा, दोन बर्थ,
आणि काचेवर खरवडूनही न गेलेली ओळ :
हात बाहेर काढू नये.

तिच्यामागे माझी मारुती. चौऱ्याण्णवची, फिकट निळी.
पोस्टातल्या पगारातून घेतलेली, हप्त्यांनी.
बस दिवाकर चालवणार, हे ठरलेलंच.
मारुती बरोबर न्यायची, हे मी ठरवलं.
कशी न्यायची, यावर तीन आठवडे झाले
आमच्या घरात जेवण थंड होतंय.

आरटीओतल्या माणसाला विचारलं.
तो म्हणाला, टो करून? बिघडली का?
शेजारच्या लांजेवारबाई म्हणाल्या, बिघडली का?
नाही हो. चांगली आहे.
चांगली असतानाच न्यायची आहे.

दिवाकरला ट्रेलर हवा.
अख्खी गाडी वर चढवायची, चारी चाकं पट्ट्यांनी आवळायची,
टायर झिजत नाहीत, हिशेब सरळ.
कोराडीच्या पॉवर हाऊसमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस,
आलेखाच्या कागदावर वजनं मांडतो :
मारुती साडेसहाशे, ट्रेलर चारशे, घाटात बस हाफणार इतकी.
मी म्हटलं, बदली झालेल्या साहेबाचं कपाट आहे का ते?
आणि मुक्कामाला रिकामा ट्रेलर कुणाच्या उशाशी ठेवायचा?

मग डॉली. पुढची दोन चाकं उचललेली, मागची दोन रस्त्यावर.
डोमाजींनी उभी करून दाखवली.
पुढचे पाय धरून बाजाराला ओढत नेलेली बकरी.
मी काही बोलले नाही. त्यांनीच उतरवली.

"दोरीनं नेसान त पयल्याच चौकात
बसच्या बुडाले धडकन," डोमाजी म्हणाले,
"तुमाले दांडाच पाह्यजे, बाई.
चारी चाकं जमिनीवर. दोन पिना. बास."
सेहेचाळीस डिग्रीत वेल्डिंगचा चष्मा कपाळावर,
कूलर नुसता लोखंडाचा वास फिरवत होता.
"चाबी लावून ठेवाची, स्टेरिंग मोकयं,
गिअर न्यूट्रल. इंजन बंद.
वळली बस, का हे आपोआप वळते."

छत्तीस वर्षं झाली लग्नाला.
ही स्थिती मला समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि ब्रेक? मी विचारलं.
"बस थांबली का थांबते.
थांबाच लागते तिले."
दिवाकर छताच्या पत्र्याकडे बघत होता.

एक गोष्ट डोमाजींनी शेवटी सांगितली, हात पुसता पुसता :
दांड्यावर रिव्हर्स नाही.
मागे यायचं तर पिना काढा,
दोघी सुट्या करा, आपापल्या मागे घ्या,
मग पुन्हा जोडा.
मी तिथेच म्हटलं, दांडा.

सकाळी साडेपाचला ट्रायल. अमरावती रोड, रस्ता मोकळा.
मी मागच्या बर्थवर गुडघ्यांवर बसले, काचेला नाक लावून.
माझ्या सीटवर कुणी नाही,
आणि स्टेअरिंग वळतंय, थोडं डावीकडे, पुन्हा सरळ,
जशी मी वळवते, जरा उशिरा.
डॅशबोर्डवरची पोस्टाची जुनी चिकटपट्टी अजून तिथेच.
मीटर फिरत असणार. इंजिन बंद,
तरी किलोमीटर तिच्याच नावावर.
मला हसू आलं, मग आलं नाही.

गोंडखैरीच्या नाक्यावर पोरगा खिडकीशी आला,
वाकून मागे बघितलं.
एक गाडी की दोन?
एक, दिवाकर म्हणाला.
दोन, मी मागून ओरडले.
मशीन थोडा वेळ गप्प राहिलं,
मग बसचा टॅग वाजला,
आणि मारुतीचा, मागून, बारीक.
दिवाकरनं आरशात माझ्याकडे पाहिलं.
पैसे जास्त गेले, म्हणाला.

पिना पर्समध्ये ठेवायच्या असं ठरलंय. माझ्या.
सुट्टे असतात त्या कप्प्यात.
चेन नीट लागत नाही त्याची,
डोमाजींना दाखवायची राहिली.